सोलापुरात इतिहासफेरी काढायची तर आधी कट्ट्यावर बसा

साखर पेठेतल्या एका मंडळाच्या कार्यकर्त्याने विचारलं आहे: "गणपती झाले की आमच्या मंडळाला वर्षभर काम नसतं. यंदा सोलापूरच्या इतिहासाची पायी फेरी सुरू करायची आहे. पण किल्ला आणि सिद्धेश्वर मंदिर सोडलं तर दाखवण्यासारखं आहे काय? आमच्यात कोणी इतिहास शिकलेलं नाही. लोक येतील का? सुरुवात कुठून करू?"

मी सोलापुरातच वाढले, शाळेत इतिहास शिकवला आणि गेली पंधरा वर्षं या गावात पायी फेऱ्या घेते आहे. तुमच्यासारख्या मंडळांनी हे काम हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

"दाखवण्यासारखं काय आहे" हाच प्रश्न घेऊन मीही सुरुवात केली होती. पहिल्या फेरीला मी नऊ ठिकाणं ठरवली. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर, इंद्रभुवन, चार हुतात्म्यांचे पुतळे, शेवटी गिरणीच्या चाळी. साडेतीन तास चाललो. निघताना साठ माणसं होती, शेवटच्या थांब्यावर सतरा उरली. चाळीच्या तोंडाशी उभी राहून मी सांगत होते, की सोलापुरातली पहिली कापडगिरणी १८७७ साली मोरारजी गोकुळदासांनी सुरू केली, मुरारजी पेठ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं, वगैरे. कट्ट्यावर एक आजोबा बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, गिरणी कधी बांधली ते सांगितलं. आत काय चालायचं ते बी सांगा की."

मला सांगता येईना. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांच्या खात्यात होते, तरी मला सांगता येईना. मग आजोबाच बोलायला लागले. कापसाची तूस नाकातोंडात कशी जायची, पाळी बदलताना फाटकाशी डबे घेऊन बायका कशा उभ्या असायच्या, भोंगा चुकला तर बदली कामगाराला आपली जागा कशी मिळायची. आणि एक गोष्ट अशी सांगितली, की साच्यांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, म्हणून माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायची, आणि घरी आली तरी मोठ्यानंच बोलायची. माझे वडील घरात कायम मोठ्यानं बोलायचे. लहानपणी मला तो राग वाटायचा. त्या कट्ट्यापाशी उभं असताना मला पहिल्यांदा कळलं, की तो राग नव्हता, तो साचेखात्यातला आवाज होता.

तेव्हापासून माझ्या फेऱ्यांची रीत बदलली. तुम्हालाही पहिला सल्ला हाच देते. आधी मार्ग आखू नका, माहितीपत्रक छापू नका. दोन महिने आपल्याच पेठेतल्या कट्ट्यांवर, देवळाच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर जाऊन बसा. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ चांगली, म्हातारी माणसं बाहेर आलेली असतात. "आजोबा, इतिहास सांगा" असं विचारू नका, तो शब्द ऐकला की माणूस शिवाजी महाराजांपासून सुरू करतो. "इथं आधी काय होतं?", "पाणी कुठून भरायचा?", "तुमच्या लग्नाची वरात कुठून कुठं गेली?" असं विचारा. वरातीचा रस्ता विचारला, की गावाचा अर्धा नकाशा हाती येतो.

इतिहास शिकलेले नसल्याची चिंता करू नका. या गावाला फेरीची सवय आठशे वर्षांची आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात ६८ लिंगं स्थापली, आणि दरवर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत भोगीच्या आदल्या दिवशी नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) त्या ६८ लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात. आपल्याकडे त्याला यण्णीमज्जन म्हणतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, संक्रांतीला होम मैदानावर होम होतो. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, ही कथा लहानपणापासून आपण ऐकतो. पण ती ६८ लिंगं कधी नकाशावर मांडून पाहा. जुनं गाव कुठपर्यंत होतं याची रेषा डोळ्यांसमोर उभी राहते. काही लिंगं मोठ्या देवळात, काही कुणाच्या वाड्याच्या भिंतीत, काही दुकानांच्या गर्दीत. सात नंदीध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे, शेवटचे दोन मातंग समाजाचे. म्हणजे कोणता समाज कोणत्या भागात राहत होता आणि गावाच्या उत्सवात त्याची जागा कुठे होती, हे सगळं या एका प्रदक्षिणेत साठवलेलं आहे. बाराबंदी हा यात्रेचा पांढरा पोशाख घालून "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणत चालणाऱ्या माणसाला गावाची जुनी हद्द पायांनी पाठ असते. अशा एखाद्या मानकऱ्याला दिवाळीनंतर, यात्रेची तालीम सुरू व्हायच्या आधी, भेटून घ्या. तुमची पहिली फेरी तिथेच तयार होईल.

आता विषय कसा निवडायचा. एका फेरीला एकच प्रश्न ठेवा. "सोलापूरचा इतिहास" हा प्रश्न होत नाही, तो कधी संपतच नाही. "जुन्या गावाला वेशी किती आणि कुठे होत्या?" हा प्रश्न झाला. बाळीवेस, कुंभार वेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस ही नावं आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो. वेस उरली नाही, नाव उरलं. ही नावं एका कागदावर जोडत गेलात, की गावकुसाची भिंत कुठून जात असेल याचा अंदाज बांधता येतो. मग त्या रेषेवरून चाला. लहान मुलं असतील तर त्यांच्या हातात कागद द्या, ती तुमच्या पुढे पळतात.

दुसरी फेरी मी दरवर्षी घेते आणि तिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. ती १९३० च्या मार्शल लॉची, म्हणजे लष्करी कायद्याची. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची (जिच्या रसाची दारू होते ती) झाडं तोडण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, कलेक्टर नाइट यांच्या हुकमाने गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले. पुढचे काही दिवस गावात सरकारी अंमल नव्हता, काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहून व्यवस्था पाहत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला तो ३० जूनपर्यंत राहिला. त्या दिवसांत गांधी टोपी घालून रस्त्यावर येणंही धोक्याचं होतं. आणि मग १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी झाली.

रूपाभवानीपासून सुरू केलं तर चाल लांबते आणि मधला रस्ता रहदारीचा आहे. म्हणून मी मंगळवार पेठेतून सुरू करते आणि चार पुतळ्यांपाशी संपवते. रूपाभवानीची हकीगत पहिल्याच थांब्यावर सांगून टाकते. या फेरीत मी भाषण कमी करते. पुतळ्यांपाशी गेल्यावर आलेल्यांपैकी चौघांना पुढे बोलावते आणि एकेकाला एक नाव मोठ्यानं वाचायला सांगते. एका वर्षी कुर्बान हुसेनचं नाव वाचायला एक कॉलेजची मुलगी पुढे आली. वाचून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, मी रोज इथून बसला जाते, पण चार नावं सलग आजच उच्चारली." त्या चौघांत लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान अशी माणसं आहेत. ती नावं एका दमात उच्चारली, की गाव कसं होतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी या विषयात फार महत्त्वाची. जळालेल्या चौकीतले दोन पोलीसही माणसं होती. त्यांचं मरण गाळून गोष्ट सोपी करू नका. फाशी झालेल्यांवर आरोप काय होता, ते नीट सांगा, गोळीबारही सांगा. ऐकणाऱ्यांना विचार करायला जागा राहिली पाहिजे.

तिसरी फेरी पूर्व भागाची. तेलंगणातून पद्मशाली विणकर सोलापुरात आले, हातमाग आणले, पुढे यंत्रमाग आले, आणि जेकार्डवरची (नक्षी विणणाऱ्या मागावरची) सोलापुरी चादर देशभर गेली. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. गल्लीत पाऊल टाकलं की आधी आवाज येतो, मग तेलुगू कानावर पडते. कारखान्यात जेकार्डचे भोकं पाडलेले पत्ते साखळीसारखे वर जाताना पाहिले, की मुलं खिळून राहतात, कारण कोणता धागा उचलायचा हे त्या भोकांनी ठरतं आणि नक्षी डोळ्यांदेखत उमटते. पण तिथे जाताना मालकाची परवानगी आधी घ्या, मागावर काम करणाऱ्याचीही घ्या, साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी असते ते विचारा. ओढण्या आणि पदर खोचून घ्यायला सांगा, लहान मुलांचा हात सोडू नका. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, त्या दिवशी फेरी काढू नका. रथाबरोबर चाला, तीच त्या दिवसाची फेरी.

याच भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. इथे मी एक मोठी चूक केली होती. वीस जणांना घेऊन एका मावशींच्या दारात उभी राहिले, त्यांनी हौसेनं पान कापून, तंबाखू भरून दाखवलं, आम्ही अर्धा-पाऊण तास प्रश्न विचारले. निघताना शेजारणीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "हजारावर मजुरी असते बाई. आज तिच्या किती विड्या बुडाल्या?" मी शरमले. विडी कामगार बाईचा वेळ म्हणजे तिची मजुरी आहे. आता मी कारखान्यात विड्या देऊन आल्यानंतरच्या वेळी जाते, एका घरी सहा-सातच्या वर माणसं नेत नाही, आणि त्या मावशींना वक्त्याला देतो तसं मानधन देते. तुम्हीही कॉलेजच्या प्राध्यापकाला मानधन देणार असाल, तर विडी वळणारीलाही तेवढंच द्या.

"कशावरून?" हा शब्द तुमच्या मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवा. प्रत्येक थांब्यावर हे एकच विचारायचं. कारण फेरीत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी गावभर होते, आणि चुकीची असली तरी तशीच पसरते. मी चार कप्पे करते: दगडावर कोरलेलं, कागदावर लिहिलेलं, कुणाच्या आठवणीतलं आणि आख्यायिका. चारही सांगते, पण कोणत्या कप्प्यातलं ते म्हणून सांगते. सोलापूर या नावाचंच घ्या. सोळा गावं मिळून सोलापूर झालं, हे आपण शाळेत ऐकलं. पण सिद्धरामेश्वरांच्या काळात या गावाचं नाव सोन्नलिगे होतं, ते कन्नड वचनांत आणि कोरीव लेखांत येतं, आणि सोन्नलिगे, सोन्नलापूर, सोलापूर असा प्रवास अभ्यासक मांडतात. मला हा दुसरा मार्ग पटतो. तरी फेरीत सोळा गावांची गोष्ट मी टाळत नाही, कारण लोकांनी ती का जपली हेही गावाबद्दल काही सांगतं. तसंच शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती. लोकमान्यांच्या आधीपासूनचा, १८८५ पासूनचा असं सोलापूरकर अभिमानानं सांगतात. तुम्ही गणपती मंडळवाले आहात, तुमच्यासाठी तर हा घरचा विषय. जुन्या वर्गणीच्या वह्या, पावत्या, मिरवणुकीचे फोटो कुणाकडे आहेत, याचा शोध घ्या. आपल्याच मंडळापासून सुरू करा.

किल्ल्याबद्दल थोडंच लिहिते, कारण त्याची माहिती तुम्हाला सहज मिळेल. बहमनी काळातला भुईकोट, दुहेरी तट, बाहेर खंदक, पूर्वेला सिद्धेश्वर तलाव. चांदबिबीच्या लग्नात तो विजापूरच्या आदिलशहाला आंदण दिला होता. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने तो पेशव्यांकडून घेतला. आत गेलात तर जुन्या मंदिराचे कोरीव खांब पाहा आणि गटाला विचारा, हे खांब तटापेक्षा जुने कशावरून? उत्तर येईपर्यंत थांबा.

कोरीव लेख दिसला की लोक त्यावर खडू घासतात, पीठ फासतात, पाणी मारतात. हे कटाक्षानं थांबवा. अक्षरं झिजतात. सकाळी सूर्य तिरका असताना गेलात तर अक्षरं आपोआप उठून दिसतात, आणि सावलीतल्या दगडावर मोबाइलची बॅटरी बाजूनं, अगदी दगडाला समांतर धरली तरी तेच होतं. समोरून प्रकाश टाकला तर अक्षर सपाट होतं. एवढं एक तंत्र शिकवलं तरी मुलं गावातले दगड शोधत फिरतात.

लेखांचा नाद लागला तर एक दिवस बस करून हत्तरसंग कुडलला जा. भीमा आणि सीना यांचा संगम, सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर. संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे, आणि त्यात "वाछि तो विजेया होईवा" ही मराठी ओळ आहे. जो वाचील तो विजयी होईल. हा लेख सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. आयुष्यभर गावोगाव हिंडून, कन्नड आणि मराठी लेख शोधून त्यांनी जे काम केलं, ते तुमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवं. तिथलं बहुमुखी शिवलिंगही पाहा, त्याच्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मुलांना मोजायला लावा, जेवणाच्या वेळेपर्यंत ती तिथून हलत नाहीत.

आता फेरीच्या जोडीला एक कार्यक्रम. मी त्याला ट्रंक उघडायचा दिवस म्हणते. मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दहा ते एक. पेठेत चिठ्ठी फिरवायची: घरातला जुना फोटो, गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, लग्नपत्रिका, मोडी कागद, मागाचा धोटा, काहीही घेऊन या आणि त्याची गोष्ट सांगा. दोन टेबलं मांडा. एकावर स्कॅनर किंवा चांगल्या मोबाइलने फोटो घेणारा मुलगा, दुसऱ्यावर गोष्ट लिहून घेणारी मुलगी. वस्तूबरोबर आणणाऱ्याचं नाव, फोटोतल्या माणसांची नावं, साल आणि गाव एवढं लिहाच. फोटो कधी आणि कुठे वापरणार, हे स्पष्ट लिहून त्यांची सही घ्या. आणि मूळ वस्तू त्याच तासाला, त्याच माणसाच्या हातात परत. घरी नेऊन स्कॅन करतो, पुढच्या आठवड्यात देतो, असं कधीही म्हणू नका. माझ्या वडिलांचा साच्यापाशी उभा असलेला एकुलता एक फोटो एका संस्थेनं प्रदर्शनासाठी नेला. तो परत आला नाही. वीस वर्षं झाली, मी अजून कधी कधी तो शोधते.

पहिल्या ट्रंकेच्या दिवशी फार तर आठ-दहा घरं येतील. निराश होऊ नका. त्यातल्या एका घरात गिरणीच्या पासांची पिशवी निघते आणि दुसऱ्या वेळी चाळीस घरं येतात. आमच्याकडे एका आजींनी नवऱ्याचा पितळी बिल्ला आणला होता. त्यावर नुसता नंबर. आजी म्हणाल्या, "नाव नव्हतं हो त्यांचं आत, नंबरच होता." हे वाक्य मी पुढच्या गिरणीच्या फेरीत तसंच वापरलं, आजींची परवानगी घेऊन, आजींना शेजारी उभं करून.

एका जागेबद्दल मुद्दाम लिहिते. सेटलमेंट. १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, रोज हजेरी होती, आणि गिरण्यांना त्यांच्यातून मजूर मिळत होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती या शिक्क्यातून मुक्त झाल्या आणि तो दिवस तिथे विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. गिरण्यांचा इतिहास सांगताना हे गाळलं तर तो इतिहास अपुरा राहतो. पण तिथे आपण होऊन फेरी नेऊ नका. तिथल्या लोकांशी आधी ओळख वाढवा, विमुक्त दिनाला त्यांच्या कार्यक्रमात मागे बसून ऐका. त्यांनी बोलावलं तर जा, त्यांचाच माणूस बोलेल, तुम्ही माईकही धरू नका.

बाकीच्या व्यवस्थेचं पटकन सांगते. चाल दीड किलोमीटर, वेळ दोन तास, माणसं पंचवीस. गल्लीत याहून जास्त माणसं उभी राहिली की दुचाकी अडतात आणि पेठेतले लोक वैतागतात, जे बरोबरच आहे. फेरीच्या आधी तो रस्ता तीनदा चाला: एकदा फेरीच्याच वेळी, एकदा कोणी ज्येष्ठ बरोबर घेऊन, एकदा स्वतः गप्प राहून, फक्त ऐकत. स्वच्छतागृह कुठे आहे ते बायकांना विचारून ठरवा, पुरुषांना ते कधीच माहीत नसतं. देवळात, मशिदीत, दर्ग्यात आधी जाऊन तिथल्या मंडळींना भेटा, नमाजाच्या आणि आरतीच्या वेळा टाळा. मोठा स्पीकर नको, गल्लीत आवाज घुमतो आणि घरातल्यांना त्रास होतो. कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारा एकेक माणूस गटात असू द्या. या गावातली बरीचशी आठवण मराठीत सांगितली जात नाही. एखादी अव्वा कन्नडमध्ये सुरू झाली तर तिला मराठीत बोलायला लावू नका, तिचं तिच्या भाषेत होऊ द्या, मग दुसऱ्यानं सांगावं.

पैसे घ्यावेत का? घ्या, थोडे. पूर्ण फुकट ठेवलं की नाव नोंदवलेल्यांतली निम्मी माणसं येत नाहीत. ५० रुपये ठेवा, त्यातून चहा आणि बोलणाऱ्यांचं मानधन निघतं. पेठेतल्या रहिवाशांना आणि शाळकरी मुलांना मात्र फुकट. फेरी संपते तिथे शेंगाची चटणी आणि कडक भाकरी ठेवता आली तर ठेवा. खाताना माणसं जे बोलतात, ते दोन तासांच्या चालीत बोललेली नसतात. मी वही तेव्हाच उघडते.

लोक येतील का? पहिल्या फेरीला तुमचे मित्र आणि त्यांच्या आया येतील. तेवढं पुरे. ज्या गल्लीतून जाल, तिथल्या दोन घरांना तरी आधी सांगून ठेवा, की आम्ही तुमच्या दारापुढे पाच मिनिटं थांबणार आहोत, काही सांगायचं असेल तर सांगा. त्या घरातली माणसं पुढच्या वेळी तुमच्याबरोबर चालायला लागतात. माझ्या फेऱ्यांना आज येणाऱ्यांत निम्मे असे आहेत, की ज्यांच्या दारापुढे मी कधीतरी थांबले होते.

आणि महिना. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, मार्चनंतर सकाळी नऊला रस्ता तापतो. आता दोन महिने कट्ट्यांवर बसलात, दिवाळीनंतर ट्रंकेचा दिवस घेतलात, तर नोव्हेंबरअखेर साखर पेठेतलीच पहिली छोटी फेरी सकाळी सातला काढता येईल. जागतिक वारसा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबरला असतो, त्यात जमलं तर उत्तम, शाळाही मुलं पाठवतात. डिसेंबरात वेशींची फेरी घ्या. जानेवारीत यात्रेचे दिवस मोकळे सोडा, तेव्हा तुम्ही नंदीध्वजांबरोबर असाल, वही खिशात ठेवून. पण १२ जानेवारीला सकाळी चार पुतळ्यांपाशी या. मी तिथे असते. नावं वाचायला चार जण लागतात.